बुटक्या गाड्या आणि कलम २४००८

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑनसाईटला सॅन होजेला पोचलो. कंपनीच्या भत्त्यात शहराच्या पूर्व भागातच घर परवडत होतं, म्हणून तिथे राहिलो. दुसऱ्याच रविवारी संध्याकाळी लॉन्ड्रीची चिल्लर हातात घेऊन सिग्नलला उभा होतो. समोर एक जांभळी, चकचकीत, साठच्या दशकातली लांबलचक गाडी येऊन थांबली. इतकी खाली की पुण्यातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकलं असतं. आणि अचानक तिचं पुढचं तोंड फुटभर वर उसळलं, धाडकन खाली आलं, परत वर.. मला वाटलं, बिचाऱ्याचं सस्पेन्शन गेलं. आत बसलेला माणूस मात्र हसत होता. मी लॉन्ड्री विसरून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसच्या बिल्डिंगचा मेन्टेनन्स बघणाऱ्या गृहस्थांना सांगितलं. साठीच्या आसपासचे, मूळ घराणं मेक्सिकोचं, पण जन्म आणि सगळं आयुष्य कॅलिफोर्नियात. त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतःच्या १९६३ च्या इम्पालाचे फोटो दाखवले, आपल्याकडे लोक नातवंडांचे दाखवतात तसे. मग म्हणाले, "सुंदर आहे ना? आणि रोज बेकायदेशीर. कलम २४००८." आपल्याला ४०४ जसा पाठ असतो तसा त्यांना हा आकडा पाठ होता.

इथून माझे पुढचे चार-पाच वीकएंड गेले. (पत्ते खेळायला बोलावणाऱ्या रूममेट्सची क्षमा मागतो.)

या गाड्यांना लोरायडर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या पोरांच्या हातात पहिल्यांदा थोडे पैसे आले. नवी गाडी परवडत नव्हती, म्हणून ते जुनी शेव्हरोले घ्यायचे. स्प्रिंगा कापायच्या, नाहीतर डिकीत वाळूची पोती टाकायची, आणि खाली बसलेली गाडी हळूहळू, मिरवत, मोठ्या रस्त्यावरून न्यायची. स्पॅनिशमध्ये त्याला 'बाहितो ई सुआवेसितो' म्हणतात. म्हणजे साधारण, बुटकं आणि निवांत. त्याच काळात त्याच राज्यात दुसरी पोरं जुन्याच गाड्या घेऊन त्यांच्यात मोठं इंजिन घालून वेगाने पळवत होती. ते हॉट रॉडवाले. एकाला लवकर पोचायचंय, दुसऱ्याला पोचायचंच नाहीये!

पोलिसांचा त्रास सुरुवातीला हॉट रॉडवाल्यांनाही होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. रात्री रस्त्यावर शर्यती लागायच्या, पोरं मरायची. पण त्यांच्या बाबतीत पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. १९५३ च्या एप्रिलमध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत पोमोना गावात झाली, आणि तिच्या पाठीशी खुद्द तिथले पोलीसप्रमुख राल्फ पार्कर उभे होते. रस्त्यावर नको ना, मग ही घ्या जागा, इथे पळवा. पोमोनाच्याच पोलिसातले बड कून्स पुढे असोसिएशनची टीम घेऊन देशभर गावोगाव शर्यती भरवायला गेले. म्हणजे वेगाचं वेड असलेल्यांशी व्यवस्था बोलली. हळू जाणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एक कलम आलं.

तेच हे २४००८. पन्नासचं दशक संपता संपता आलं. त्याचा अर्थ असा: मूळ रचनेत बदल करून गाडीचा चाकं सोडून कुठलाही भाग रिमच्या सगळ्यात खालच्या कडेपेक्षा खाली आणला, तर ती गाडी रस्त्यावर चालवणं गुन्हा. इंजिनियर म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. टायर फुटला की गाडी रिमवर येते, तेव्हा बॉडी रस्त्याला घासू नये एवढंच त्यात आहे. एका ओळीची इफ कंडिशन. मोजता येतं, वाद नाही.

पण मग युजर काय करतो? जे तुमचे-माझे युजर करतात तेच. कंडिशन तपासली जाते फक्त त्या क्षणी, हे त्याच्या लक्षात येतं.

सॅन बर्नार्डिनोकडचा रॉन अगीरे नावाचा एक तरुण खाली आणलेल्या कॉर्व्हेटमुळे चलनं भरून कंटाळला होता. १९५९ मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर गाडीत बसवले. बटण दाबलं की गाडी वर, परत दाबलं की खाली. पोलीस दिसला की कायदेशीर, पोलीस गेला की सुंदर! त्या गाडीला त्याने एक्स-सॉनिक नाव दिलं आणि ती प्रदर्शनांतून गाजली. त्या सिग्नलवर मला जी उडी दिसली तिचा जन्म हा असा आहे. पुढे लोकांनी डिकीत ओळीने बॅटऱ्या जोडल्या, प्रत्येक चाकाला वेगळं बटण दिलं, गाडी तीन चाकांवर उभी करायला लागले, उड्यांच्या स्पर्धा लावल्या. १९५८ ते १९६४ च्या इम्पालांची चासी एक्सच्या आकाराची, त्यामुळे हे काम तिच्यात चांगलं जमायचं. आज लोरायडर म्हटलं की इम्पालाच डोळ्यांसमोर येते. म्हणजे ज्या कलमाने गाडी बुटकी होऊ नये म्हणून प्रयत्न केला, त्यानेच तिला नाचायला शिकवलं. कलम नसतं तर या गाड्या वाळूची पोती घेऊनच फिरत राहिल्या असत्या असं मला वाटतं. (हे आपलं माझं मत.)

आता यात मजा वाटते, पण त्या गृहस्थांचं ऐकल्यावर माझी मजा जरा उतरली. म्हणाले, "दंड फार नसतो रे. गाडी दुरुस्त करून दाखवली, थोडी फी भरली की मिटतं. प्रश्न थांबवण्याचा आहे." एकोणीस-वीस वर्षांचे असताना एका गावात त्यांना एका महिन्यात तीनदा थांबवलं. एकदाही कोणी टेप लावून मोजलं नाही. गाडी बघितली, चेहरा बघितला, कडेला घ्या. मग लायसन्स, कागद, डिकी उघडा, सोबतच्यांची नावं सांगा. अर्धा तास फुटपाथवर बसवून ठेवायचे, तेही मैत्रिणीच्या घरच्यांच्या देखत. कलम गाडीच्या उंचीचं, पण ते वापरून होणारी चौकशी सगळी माणसाची. वडील म्हणाले, गाडी विकून टाक. त्यांनी विकली. आत्ताची इम्पाला घ्यायला पन्नाशी उजाडली.

आणि उंचीत सापडले नाहीत तर चकरांमध्ये पकडायचे! पूर्व लॉस एंजलिसमधला व्हिटियर बुलेव्हार्ड हा लोरायडरवाल्यांचा सगळ्यात मानाचा रस्ता. आपल्याकडे गणपतीत लक्ष्मी रोड जसा, तसा तो दर शनिवार-रविवारी. याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चाच्या दिवशी, सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसलेले पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मरण पावले. त्यामुळे या रस्त्यावर पोलीस आणि वस्ती एकमेकांकडे कुठल्या नजरेने बघत असतील हे सांगायला नको. १९७९ मध्ये शेरीफने तो रस्ता चकरा मारणाऱ्यांसाठी बंदच केला.

ऐंशीच्या दशकात राज्याने शहरांना चकरांवर बंदी घालायची मुभा दिली. व्याख्या वाचून मला हसू आलं: ठरलेल्या ठिकाणावरून गर्दीच्या वेळी गेलात, पोलिसाने लेखी सूचना दिली, आणि तरी परत तिथूनच गेलात, तर गुन्हा. काउंटर वाढवा, मर्यादा ओलांडली की एरर. दूध विसरलं म्हणून परत दुकानात जाणारा आणि मिरवणारा यांत फरक कोण करणार? अर्थातच उभा असलेला पोलीस. सॅन दिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये ही बंदी आणली, कारण हायलँड अव्हेन्यूवर याच गाड्यांची गर्दी. सॅन होजेमध्येही आली. गंमत म्हणजे 'लोरायडर' हे या लोकांचं मासिक १९७७ मध्ये याच सॅन होजेत सुरू झालेलं, इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी काढलेलं.

रहिवाशांची बाजू मी सोडत नाहीये. दर वीकएंडला घरासमोर दोन-दोन तास गाड्या तुंबल्या, अँब्युलन्सला जागा नाही, मारामाऱ्या होतायत, तर मी पण तक्रार केली असती. मारामाऱ्या व्हायच्या हे ते गृहस्थही मान्य करतात. पण मारामारीसाठी कलमं आधीपासून होतीच की. वाहतूक अडवण्यासाठीही होती. नवीन बंदीत नुसतं दोनदा जाणं पुरत होतं.

या सगळ्याचं टोक म्हणजे जिप्सी रोझ. इम्पीरियल्स क्लबच्या हेसे वालादेझ यांची १९६४ ची इम्पाला. गुलाबी, आणि अंगभर हाताने रंगवलेली गुलाबाची फुलं. तिच्या आधीची १९६३ ची जिप्सी रोझ लोकांनी विटा मारून फोडली होती, म्हणून ही दुसरी. १९७४ च्या 'चिको अँड द मॅन' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीलाच ती दिसायची, त्यामुळे घराघरात पोचली. २०१७ मध्ये तिला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवून देशाचा वारसा म्हणून दाखवलं. त्याच वर्षी नॅशनल सिटीत बंदी चालू होती आणि २४००८ ही कायम होतं. काचेत असली तर वारसा, रस्त्यावर असली तर चलन..

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? सांगतो. माझ्या मामाकडे सत्तरच्या दशकातली जीप आहे. आजोबांच्या काळात तिला पत्र्याचं छप्पर बसवलेलं, इंजिन नंतर दुसरं टाकलेलं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल चालणार नाही. बरोबर आहे, कोणीही काहीही वेल्ड करून रस्त्यावर आणू नये. मग जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आले: नंबरात 'व्हीए', नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं मुदत. मामा खूष झाला. आजोबांची जीप व्हिंटेज होणार! मी नियम नीट वाचून दाखवले. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. आणि बसली तरी रोजच्या वापराला बंदी, रॅली-प्रदर्शनापुरतीच बाहेर काढायची. मामा काही बोलला नाही, फडकं घेऊन बॉनेट पुसायला लागला. गेल्या दिवाळीत एका नाक्यावर त्याला थांबवलं तेव्हा त्याच रांगेतून प्रेशर हॉर्न आणि काळ्या काचावाली नवी कोरी एसयूव्ही सलाम घेऊन गेली. मामाची पावती फाडली. नियम मोडला होता हे खरंच आहे, पण कोणाचा मोडलेला नियम दिसतो हे नाक्यावरच ठरतं. त्या इम्पालावाल्या गृहस्थांचं बोलणं मला लगेच कळलं ते त्यामुळे असेल.

असो. कॅलिफोर्नियातला शेवट बरा झाला. सॅन होजेने २०२२ मध्ये चकरांवरची बंदी उठवली, आणि तिच्यासाठी पुढे झालेले नगरसेवक राऊल पेरालेझ हे स्वतः आधी शहर पोलिसात होते. त्याच वर्षी सॅक्रामेंटोने उठवली, २०२३ मध्ये नॅशनल सिटीने. आणि मी तिथे असतानाच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, गव्हर्नर न्यूसम यांनी आमदार डेव्हिड अल्वारेझ यांच्या विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२४ पासून राज्यभर चकरांवरची बंदी गेली आणि कलम २४००८ सुद्धा गेलं. साठेक वर्षं जुना कोड एका कमिटमध्ये डिलीट! ऑफिसमधल्या गृहस्थांनी त्या दिवशी सगळ्यांना पान दुल्से खिलवलं. आपल्या नानकटाईची मावशी म्हणा.

जानेवारीत पाऊस नसलेला एक रविवार मिळाला (तारांची चाकं भिजू द्यायची नसतात), तेव्हा त्यांनी मला फिरायला नेलं. स्टोरी आणि किंग रोडचा चौक, ताशी पंधरा मैल, गाडी इतकी खाली की रस्त्याचा खडबडीतपणा पाठीला कळत होता. फुटपाथवरची पोरं ओरडून उडी मारायला सांगत होती. तेवढ्यात आरशात पोलिसांची गाडी दिसली. काकांचा हात आपोआप डॅशबोर्डखाली गेला, पंप गुरगुरला आणि इम्पाला चारी चाकांवर शहाण्यासारखी उंच झाली. पोलिसांची गाडी आमच्याकडे न बघता बाजूने निघून गेली.

मी म्हटलं, "अहो, आता गरज नाहीये ना?"

त्यांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी तशीच वर ठेवली.