आजीबाईंची पत्रे

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर एक वादही दर वर्षी ठरलेला असतो. पुण्याची पुतणी केक घेऊन येते आणि आमच्या आत्याबाई चष्मा सावरीत पहिला प्रश्न विचारतात, "यात अंडं नाही ना गं?" अंडे नसते. तरी आत्याबाई तुकडा तोंडात घालत नाहीत, आणि पुतणीचा चेहरा पडतो. आपल्या हातचे आत्याला चालत नाही, असे ती मनाशी धरून बसते. खरी गोष्ट एवढीच की आत्याबाईंना व्हॅनिलाचा वास सोसत नाही. पण तो साधा खुलासा विचारायला कोणी जात नाही. निकाल मात्र लागलेला असतो.

अंड्यावरून माणसाचे अंतःकरण जोखण्याचा हा खेळ आमच्या माजघरापुरताच आहे अशी माझी समजूत होती. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हाती आला आणि ती समजूत गेली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा इंग्रजी ग्रंथ 1977 साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लंडमधली एक धर्मभगिनी आणि तिने धर्माच्या वाटेवर आणलेली एक मराठी विधवा यांचा असाच एक वाद आहे. दोघीही ख्रिस्ताच्या, दोघीही सच्च्या. म्हणूनच तो वाचताना जीव थोडा थोडा होतो.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आई-वडील दुष्काळाच्या वणवणीत 1874 साली गेले. भाऊ 1880 साली कलकत्त्याकडे गेला. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच गेला. पदरात मनोरमा नावाची लहानगी मुलगी. विद्येची कीर्ती मात्र एवढी की कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेल्या. वाँटेज गावी सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचे मन परक्या देशात ढासळले, आणि त्यांनी तिथेच विष घेऊन जीव दिला. त्यानंतर थोड्याच काळात, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणू लागल्या. ज्या मुलीचे आपले म्हणण्यासारखे कोणी उरले नव्हते, तिने परक्या बाईसाठी हा शब्द आपल्या घरातून काढून दिला, हे विसरता कामा नये.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही. मुख्याध्यापिका डोरोथिया बील ही मोठ्या मनाची बाई. येथपर्यंत सारे ठीक होते. मग प्रश्न सुरू झाले.

रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडे घातलेले पदार्थही टाळीत. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा अहंकार दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना तिथे संस्कृत हवे होते. आपल्या देशातल्या बायांना लॅटिन काय कळणार, आणि संस्कृत ही आपल्या मायभूमीची प्राचीन भाषा, एवढाच त्यांचा मुद्दा होता. यातही गर्वच दिसला. रमाबाईंनी पुरुषांना शिकवावे की नाही याबद्दल मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचे मत विचारले गेले, आणि दोघांनीही नापसंती कळवली. रमाबाईंना आश्चर्य वाटले; कारण भर सभेत शास्त्री-पंडितांपुढे बोलूनच तर त्यांनी नाव मिळवले होते. हिंदुस्थानातल्या सनातन्यांनी अडवले ते समजू शकत होते, पण इथे बिशपांनीही तेच करावे!

मोठा वाद झाला तो श्रद्धेच्या गाभ्यावर. रमाबाई बायबल वाचीत आणि पडताळून पाहत. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या गळी उतरेना. पंथाच्या विश्वासांगीकारातली काही कलमे त्यांना शास्त्रात सापडेनात. सापडत नाहीत ते मी मानते असे देवापुढे खोटे कसे म्हणू, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय इंग्लंडात पाहावे तर इतके पंथ, आणि प्रत्येकाची शिकवण निराळी! नव्याने आलेल्या माणसाने कोणाचा हात धरायचा?

यावर जेराल्डिनबाईंचे उत्तर आज वाचतानाही टोचते. त्यांच्या मते हे प्रश्न ज्ञानाचे नव्हतेच. ते नम्रतेच्या अभावाचे होते. शिष्येने आधी नमावे, मग समजेल. रमाबाईंनीही उत्तर दिले, आणि ते काही मऊ नव्हते. ब्राह्मण पुरोहितांचे जू मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांसाठी पुन्हा चढवून घ्यायची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले.

हे जू त्यांच्या दोन पिढ्यांच्या ओळखीचे होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले एवढ्यासाठी त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार मांडावे लागले होते. ते पुढे पश्चिम घाटाच्या जंगलात गंगामूळ येथे जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथलाच. आपल्याच धर्माची माणसे आपला न्याय करायला बसतात तेव्हा कसे वाटते, हे त्या घराला कोणी शिकवायला नको होते.

तरीही जेराल्डिनबाईंना खलनायिका करणे मला जमत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला तो मोह फार होतो. पण त्या बाईचे सगळे आयुष्य आज्ञापालनाच्या व्रतावर उभे होते. स्वतःची इच्छा दररोज थोडी थोडी खुडून टाकायची, हीच तिची साधना. अशा माणसाला दुसऱ्याचा प्रश्न हा बंडासारखा दिसणारच. आपण ज्या वाटेने नम्र झालो, त्याच वाटेने दुसऱ्याने नम्र व्हावे, असे तिला वाटले. त्यात रमाबाईंच्या आत्म्याची खरी काळजी होती, हेही पत्रांतून दिसते. मला भीती वाटते ती याचीच. दुष्ट माणसाने लावलेला निकाल माणूस झटकून टाकतो. मायेच्या माणसाने लावलेला झटकता येत नाही.

बीलबाईंचे वेगळे होते. त्या स्वतः धर्मशंकेच्या काळोखातून चालून आलेल्या. रमाबाईंना विचार करू द्या, दडपाल तर ती हातची जाईल, अशा अर्थाचे त्या सांगत राहिल्या. शिक्षिका म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो. कारण माझ्या हातून याच्या उलट घडलेले आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगी मी सांगितलेल्या अर्थावर उठून म्हणाली, "सर, पण पुस्तकात असं नाहीये." मी तिच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात 'उद्धट' असे लिहिले. तिची आई मुकाट्याने सही करून गेली. घरी येऊन मी पुस्तक उघडले. मुलीचे बरोबर होते. शेरा मी खोडला नाही. खोडला असता तर रकान्यात डाग दिसला असता, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले.

असो. रमाबाईंचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. आपल्यावरचा गर्वाचा आरोप त्यांनी साफ झिडकारला नाही. आपल्यात पूर्वग्रह उरलेले आहेत हे त्यांनी कबूल केले. फक्त एवढे विचारले, की एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या सवयी सोडीत नाही, तेव्हा तिला कोणी गर्विष्ठ म्हटले तर तिला कसे वाटेल? कुसळ आणि मुसळ यांची गोष्ट जितकी आमच्या म्हणीतली तितकीच ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनातली. पण ती आठवून द्यायला या वादात कालपरवाची ख्रिस्ती झालेली बाई लागली.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, 1889 साली मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. तिथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, तेव्हा काही ख्रिस्ती मंडळी म्हणाली, ही कसली ख्रिस्ती? मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाजूला झाले. दुष्काळात केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. 1905 साली तिथल्या मुली रडून, ओरडून, एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तर ही कसली उपासना, असे म्हणणारे पुन्हा स्वधर्मीयांतच निघाले. रमाबाईंनी मुलींना आवरले नाही.

त्यांनी स्वतःचाही न्याय केला आहे. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात, की इंग्लंडात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला नव्हता. तो पुढे अनेक वर्षांनी भेटला. हे वाचून कोणी म्हणेल, मग जेराल्डिनबाईंचेच खरे होते! मला तसे वाटत नाही. आपल्या रिकामेपणाची कबुली आपण देणे आणि ती दुसऱ्याने आपल्या तोंडावर फेकणे, यांत फरक आहे. शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत सारे बायबल उतरवण्यात घालवली. 1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

ज्या इंग्लंडच्या चर्चला त्यांची श्रद्धा अपुरी वाटली होती, ते चर्च आज दर वर्षी 30 एप्रिलला त्यांचे स्मरण करते. उपासनेच्या पंचांगात त्यांचे नाव बायबलच्या भाषांतरकार म्हणून छापलेले आहे.

आणि ही पत्रे? ती आपल्यापर्यंत आली ती सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. त्यांनीच ती जपली आणि संग्रहित केली. स्वतःची बोचरी पत्रे तेवढी वगळावीत, रमाबाईंनी सुनावलेले बोल जाळून टाकावेत, हे त्यांना सहज करता आले असते. त्यांनी ते केले नाही. दोन्हीकडची पत्रे त्यांनी एकाच गठ्ठ्यात राहू दिली; आणि भांडणाच्या ऐन दिवसांतही रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणूनच लिहीत होत्या, हे त्यामुळेच आज आपल्याला वाचायला मिळते.