कोंबड्यांतील साल्मोनेला आणि रक्तचाचणी

धडधाकट दिसणारी, नियमित अंडी देणारी कोंबडीही ‘साल्मोनेला पुलोरम’ या जिवाणूची वाहक असू शकते. हा जिवाणू तिच्या अंडाशयात दडून राहतो, तेथून अंड्यात उतरतो आणि उबवणी यंत्रात एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे पसरतो. पांढरी, चिकट हगवण लागून पिल्ले पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मोठ्या संख्येने दगावतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत लिओ रेटगर यांनी या रोगामागचा जिवाणू शोधला. मेलेल्या पिल्लांत तो सहज सापडे. खरी अडचण होती ती वाहक कोंबडी ओळखण्याची.

मार्ग सापडला तो तिच्या रक्तात. संसर्ग झालेल्या पक्ष्याचे शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. एफ. एस. जोन्स यांनी १९१३ मध्ये याच तत्त्वावर चाचणी मांडली. रक्तातील द्रव वेगळा काढून त्यात मृत जिवाणू मिसळले की प्रतिपिंडांमुळे ते एकमेकांना चिकटून तळाशी बसत. मात्र हजारो पक्ष्यांसाठी हा परीक्षानळ्यांचा खटाटोप फारच मोठा होता. १९३१ मध्ये शॅफर, मॅकडोनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत जिवाणू क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून चाचणी थेट खुराड्याजवळ आणली. पंखाखालच्या शिरेला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब पांढऱ्या फरशीवर या जांभळ्या द्रवात मिसळायचा आणि फरशी हळूहळू हलवायची. दोन मिनिटांच्या आत ठळक गुठळ्या दिसल्या, तर पक्षी संशयित. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजनेने पैदाशीच्या कळपांची अशी तपासणी करून व्यावसायिक कळपांतून पुलोरम जवळजवळ हद्दपार केला.

कोंबड्यांना टायफॉइड करणारा ‘गॅलिनेरम’ हा जिवाणूही याच चाचणीत पकडला जातो, कारण दोघांच्या पृष्ठभागावरील घटक सारखेच असतात. या सारखेपणाचा तोटाही आहे. गॅलिनेरमची जिवंत ‘९ आर’ लस टोचलेला पक्षी निरोगी असूनही चाचणीत दोषी ठरू शकतो. लस की चाचणी, हा निर्णय पैदासकाराला आधीच घ्यावा लागतो. टर्कीसाठी ही रक्तथेंबाची पद्धत भरवशाची नाही. कोंबड्यांतही संसर्ग ताजा असेल, तर प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वी उत्तर नकारार्थी येते. म्हणून एकदा निर्दोष ठरलेला कळप निर्धास्तपणे स्वीकारणे धोक्याचे. फेरतपासणी करावीच लागते.

पुलोरम व गॅलिनेरम माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. माणसाला बाधतात ते ‘एंटेरिटिडिस’ व ‘टायफिम्युरियम’. पैकी एंटेरिटिडिस १९८० च्या दशकात अमेरिका व युरोपात अंड्यांतून पसरला. त्याचे पृष्ठघटक गॅलिनेरमशी जुळतात. गॅलिनेरमच्या उच्चाटनामुळे कळपांतील त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती ओसरली आणि रिकाम्या जागेत एंटेरिटिडिस शिरला, असे अनुमान आंद्रेआस बॉम्लर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडले. ते सर्वमान्य नाही, पण विचार करायला लावणारे नक्कीच आहे.

या दोन जिवाणूंचा मुक्काम मुख्यत्वे आतड्यात असतो. रक्तातील किंवा अंड्याच्या बलकातील प्रतिपिंडे ‘एलायझा’ चाचणीने मोजता येतात, पण त्यावरून पूर्वी कधीतरी संसर्ग झाला होता एवढेच समजते. जिवाणू आज बाहेर पडतो आहे का, हे पाहण्यासाठी विष्ठा, धूळ आणि शेडमधील लादीचे नमुने प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात.