यू–५०५
दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) अमेरिकेच्या नौदलाने भर समुद्रात हस्तगत केलेली जर्मन पाणबुडी. १९५४ पासून ती शिकागो येथील विज्ञान व उद्योग संग्रहालयात जतन करण्यात आली आहे. लांब पल्ल्याच्या ‘नऊ–सी’ प्रकारातील ही पाणबुडी हँबर्ग येथे बांधली गेली व २६ ऑगस्ट १९४१ रोजी जर्मन नौदलात दाखल झाली. तिची लांबी सु. ७७ मी. असून पुढील भागात चार व मागील भागात दोन पाणतीरनळ्या आहेत. पृष्ठभागावर डीझेल एंजिनांच्या व पाण्याखाली विद्युत् घटमालांच्या शक्तीवर ती चाले. तिने एकूण आठ जहाजे बुडविली.

४ जून १९४४ रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे कॅप्टन डॅन्येल गॅलरी याच्या ताफ्याने तिला गाठले. ग्वॉदल कॅनल ही विमानवाहू नौका व पाच संरक्षक जहाजे या ताफ्यात होती. पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटगोळ्यांच्या माऱ्यामुळे पाणबुडीस पृष्ठभागावर यावे लागले. नौसैनिकांनी ती बुडावी म्हणून आत पाणी घेण्याची व्यवस्था केली व ते बाहेर पडले. आत स्फोटके पेरलेली असण्याचा धोका असतानाही लेफ्टनंट ॲल्बर्ट डेव्हिड याच्या तुकडीने आत शिरून पाण्याची वाट बंद केली. या कामगिरीबद्दल डेव्हिडला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले. १८१५ नंतर अमेरिकी नौदलाने भर समुद्रात शत्रूची युद्धनौका पकडण्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

पाणबुडीत एनिग्मा यंत्रे व चालू सांकेतिक पुस्तके सापडली. ही बातमी फुटल्यास जर्मनी आपली संकेतपद्धती बदलील व दोस्त राष्ट्रांना संदेश उलगडणे अशक्य होईल, असे भय होते. नॉर्मंडीवरील स्वारीस तर दोनच दिवस उरले होते. म्हणून पाणबुडी गुप्तपणे बर्म्यूडास नेण्यात आली व ताफ्यातील नौसैनिकांकडून मौनाची शपथ घेण्यात आली. जर्मन नौसैनिकांपैकी एक मारला गेला होता. उरलेल्यांना लुइझिॲना राज्यातील रस्टन येथील छावणीत इतर युद्धकैद्यांपासून अलग ठेवण्यात आले. रेड क्रॉसशी त्यांचा संपर्क होऊ न दिल्याने मायदेशी ते मृत समजले गेले. गुप्ततेची ही किंमत त्यांच्या कुटुंबीयांना मोजावी लागली.

युद्धानंतर पोर्ट्स्मथच्या नौदल गोदीत पाणबुडी गंजत पडली होती. तोफांच्या सरावासाठी तिचा उपयोग करून ती बुडविण्याचा विचार होता. परंतु मूळच्या शिकागोच्या गॅलरीने पुढाकार घेतला व नागरिकांनी निधी उभारला. सेंट लॉरेन्स नदी व पंचमहासरोवरांतून ती शिकागोस आणण्यात आली. २५ सप्टेंबर १९५४ रोजी अटलांटिकच्या लढाईत कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून तिचे समर्पण झाले. नाहीशी झालेली अनेक उपकरणे मूळ जर्मन उत्पादकांनीच पुरविली. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. सु. पन्नास वर्षे उघड्यावर राहिल्याने तिची झीज होऊ लागली. त्यामुळे २००४ मध्ये तिला भूमिगत दालनात हलवून २००५ मध्ये ते खुले करण्यात आले. अरुंद वाटा, एकावर एक रचलेले बिछाने व पाणतीरांना लागूनच असलेली निजण्याची जागा पाहिली, म्हणजे ज्यांनी समुद्रावर दहशत बसविली त्यांचे जीवनही किती खडतर होते, याची प्रेक्षकास कल्पना येते.