बोटीवर आजारी पडलात तर खर्च कोणाचा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवीन प्रकारचे रुग्ण येऊ लागले आहेत. ते आजारी नसतात. वय साठ-पासष्ट, नुकतीच निवृत्ती, रक्तदाबाची एक गोळी, साखरेच्या दोन, आणि खिशात क्रूझचे बुकिंग. "डॉक्टर, सोबत कोणती औषधे ठेवू?" औषधांची यादी पाच मिनिटांत लिहून होते. मग मी विचारतो, "विमा कोणता घेतलात?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "व्हिसाला लागतो तो घेतलाय की!"

तो पुरेसा आहे का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे सात-आठशे वर्षे.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ओलेरों नावाचे बेट आहे. बाराव्या-तेराव्या शतकात तिथल्या समुद्रातून बोर्दोची दारू इंग्लंडकडे जात असे. त्या व्यापारात जहाजमालक आणि खलाशी यांच्यातले तंटे मिटवण्यासाठी जे नियम रूढ झाले, ते ओलेरोंचे कायदे म्हणून ओळखले जातात. त्यातले एक कलम आजारी खलाशाबद्दल आहे. खलाशी आजारी पडला तर कप्तानाने त्याला किनाऱ्यावर उतरवावे, राहायला खोली द्यावी, रात्री उजेडासाठी मेणबत्ती द्यावी, सेवेला जहाजावरचा एखादा पोरगा ठेवावा किंवा बाई लावावी, आणि जहाजावर मिळते तेच जेवण द्यावे. त्याहून पथ्याचे, नाजूक काही हवे असेल तर ते त्याने स्वतःच्या खर्चाने घ्यावे. जहाज निघायला तयार असेल तर त्याने आजाऱ्यासाठी थांबायचे नाही. तो बरा झाला तर त्याचा पगार त्याला मिळावा. मेला तर बायकोला किंवा वारसांना.

मी अनेक रुग्णांच्या पॉलिसी वाचतो. इतकी सरळ भाषा मला आजवर एकाही पॉलिसीत सापडलेली नाही. पण एक वाक्य लक्षात ठेवा: जहाज थांबत नाही. ते आजही थांबत नाही.

हा हक्क खलाशाचा होता आणि तो टिकला. १७९८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा २० सेंट कापायचे आणि त्या पैशातून बंदराबंदरात आजारी खलाशांची सोय करायची. अमेरिकेच्या आजच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे मूळ या २० सेंटांत आहे. आपल्याकडचे गोव्याचे आणि कोकणचे खलाशी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यानपिढ्या गेले. एक बोट सुटली आणि दुसरी मिळाली नाही, तर मधल्या काळात धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या गोवेकरांनी चालवलेले 'कूड' हाच त्यांचा आसरा, दुखण्या-खुपण्यातसुद्धा. आता २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरीवर असताना आजारी पडलेल्या खलाशाच्या उपचारांचा खर्च जहाजमालकाने करायचा. देशाच्या कायद्याने त्याला मुदत घातली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही.

म्हणजे क्रूझवर तुमच्या ताटात जेवण वाढणाऱ्या रत्नागिरीच्या किंवा मडगावच्या मुलाला छातीत दुखू लागले, तर त्याच्या उपचारांचा भार कोणावर, हे ठरलेले आहे. तुम्हाला दुखू लागले, तर तो तुमच्यावर.

प्रवाशाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जहाजावर प्रवाशांसाठी डॉक्टर असावा ही सक्ती एकोणिसाव्या शतकात देशांतर करणाऱ्या गोरगरिबांच्या जहाजांवर आली, कारण त्या जहाजांवर माणसे फार मरत. हिंदुस्थानातून वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर मजूर नेणाऱ्या जहाजांवर तर डॉक्टरला माणशी बक्षीस मिळे, आणि तेही जिवंत उतरलेल्या माणसामागे. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचे पूर्वजही त्याच शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून निघाले. डॉक्टरचे मानधन रोगी जगण्याशी जोडण्याची ही पद्धत वाचून मला प्रत्येक वेळी थोडे अस्वस्थ व्हायला होते. पण प्रवाशाच्या जिवात दुसऱ्या कोणाचा तरी पैसा गुंतलेला होता, एवढे खरे.

पुढे तिकीट काढून जाणारा प्रवासी आला आणि हा धागा तुटला. १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात एक खटला झाला. बोस्टनला उतरण्यासाठी देवीची लस टोचल्याचा दाखला लागत असे. जहाजाच्या डॉक्टरने एका प्रवासी स्त्रीला लस टोचली, तिला त्रास झाला, तिने कंपनीवर दावा लावला. न्यायालय म्हणाले, कंपनीचे कर्तव्य सक्षम डॉक्टर नेमणे एवढेच. त्याने केलेल्या उपचारांना कंपनी जबाबदार नाही. जहाज कंपनी म्हणजे काही रुग्णालय नव्हे, हा विचार अमेरिकेत शतकभर टिकला. १९८८ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने तो पुन्हा ठामपणे मांडला. २०१४ मध्ये मात्र फ्लोरिडावर अधिकार असलेल्या अपील न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. बर्म्युडाच्या धक्क्यावर पडून डोक्याला मार लागलेल्या एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला होता. जहाजावर आधुनिक दवाखाना थाटायचा आणि डॉक्टरला कंपनीचा गणवेश घालायचा, मग जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्या निकालाचा एकंदर सूर. मायामी फ्लोरिडात आहे आणि बड्या क्रूझ कंपन्या मायामीत आहेत, म्हणून हा निकाल महत्त्वाचा.

पण तुमच्या दृष्टीने याचा उपयोग किती? डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागेल, परदेशात वकील लावावा लागेल, वर्षे जातील. आणि कोणाचीच चूक नसताना आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याला हा निकाल लागूच होत नाही. क्रूझवरचे बहुतेक आजार असेच, कोणाचीही चूक नसलेले असतात.

आता वैद्यकीय बाजू. १८६८ मध्ये ब्रिटनमध्ये कप्तानांसाठी वैद्यकीय मार्गदर्शक पुस्तक निघाले. ज्या जहाजावर डॉक्टर नाही तिथे पुस्तक आणि औषधांची पेटी, एवढ्यावर भागवायचे. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील खलाशांच्या एका संस्थेने बिनतारी संदेशावरून जहाजांना मोफत वैद्यकीय सल्ला देणे सुरू केले. १९३५ मध्ये रोममध्ये ग्वीदो ग्वीदा या डॉक्टरने याच कामासाठी केंद्र उभारले. बिनतारीचा जनक मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष होता आणि ते केंद्र आजही चालू आहे. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट किनाऱ्याजवळ वादळात अडकलेल्या तेलाच्या बार्जवरून दोन माणसांना हेलिकॉप्टरने दोरीवर उचलले. समुद्रावरून अशी सुटका प्रथमच झाली.

त्या दोरीचे चित्र सगळ्यांच्या मनात पक्के बसले आहे. "काही झालेच तर हेलिकॉप्टर येईल." येते, पण नेहमी नाही. हेलिकॉप्टरला जाऊन परत येण्याइतके इंधन लागते, त्यामुळे खोल समुद्रात ते पोहोचू शकत नाही. वारा, लाटा, अंधार यांचा प्रश्न असतो. हलत्या डेकवरून दोरीने वर ओढणे हे अशक्त हृदयाच्या माणसाला सोसेलच असे नाही. म्हणून निर्णय जहाजाचा डॉक्टर, कप्तान आणि बचाव दल मिळून घेतात. विमा कंपनी नाही आणि नातेवाईकही नाहीत. बरेचदा रुग्णाला पुढच्या बंदरापर्यंत सांभाळून नेणे हाच शहाणपणा ठरतो. मोठ्या क्रूझवरच्या दवाखान्यात ईसीजी, एक्स-रे, काही रक्त तपासण्या, शॉक देण्याचे यंत्र, व्हेंटिलेटर आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. अँजिओप्लास्टी होत नाही, मेंदूचे ऑपरेशन होत नाही.

मग तुम्हाला उतरवतात ते बंदर कोणते? ते कॅरिबियनमधले चिमुकले बेट असू शकते किंवा अलास्कातले लहानसे गाव. खरा खर्च तिथून सुरू होतो. छोट्या रुग्णालयातून मोठ्या शहरात नेणे, आणि तिथून स्ट्रेचरवर, सोबत डॉक्टर-नर्स देऊन, मायदेशी आणणे. एअर ॲम्ब्युलन्सने समुद्र ओलांडायचा तर आकडा कोटीच्या घरात जाऊ शकतो. वैद्यकीय स्थलांतर म्हणजे हे. दोरीचा भाग त्यातला सर्वांत छोटा.

विम्याने हे सगळे झाकायला फार उशीर लावला. लंडनमध्ये लॉइडच्या कॉफीच्या दुकानात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विम्याचे सौदे होत, पण ते जहाजाचे आणि मालाचे. प्रवाशाचा विमा प्रथम रुळांवर आला. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये रेल्वे तिकिटासोबत पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला ३ पेन्सात १००० पौंडांचा अपघात विमा मिळू लागला. ती रक्कम मृत्यूची. प्रवासात न्यूमोनिया झाला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नाही. आपल्याकडे परदेश प्रवासाचा वैद्यकीय विमा १९८० च्या दशकात सरकारी कंपन्यांनी आणला. तेव्हा परकीय चलन मोजून मिळे. अमेरिकेतले बिल डॉलरमध्ये भरणार कसे, हीच मोठी अडचण होती.

मग २००४ साली युरोपातल्या शेंगेन देशांनी व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा केला. त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला आहे. हेतू असा की आजारी पाहुण्याचे बिल त्यांच्या तिजोरीवर पडू नये. ती रक्कम त्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी ठरवली, तीही किमान म्हणून, आणि आपण ती तुमच्या गरजेचे माप समजून बसलो. बार्सिलोनाहून निघणाऱ्या क्रूझवर गंभीर आजार झाला तर हे पैसे आयसीयूतच संपू शकतात. घरी आणायला काय उरणार?

म्हणून पॉलिसी घेताना पहिला प्रश्न हप्त्याचा नको. वैद्यकीय स्थलांतराची रक्कम उपचारांच्या रकमेत धरली आहे की वेगळी आहे, हे विचारा. मग त्या कलमातले शब्द वाचा. बहुतेक ठिकाणी 'जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत' असे असते. याचा अर्थ पुण्यापर्यंत नव्हे. पुढचा निर्णय त्यांचे डॉक्टर 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' वाटले तर घेतात. काही पॉलिसी तुमच्या पसंतीच्या रुग्णालयापर्यंत नेतात. त्या महाग असतात. सत्तरीच्या पुढे, हृदयात स्टेंट असेल तर मी तीच घ्यायला सांगतो.

दुसरी गोष्ट जुन्या आजारांची, आणि इथे मी तुमच्याशी थोडा कडक बोलणार आहे. अर्जात मधुमेह लपवू नका. "एजंट म्हणाला लिहू नका" हे मी फार वेळा ऐकले आहे. क्लेमच्या वेळी कंपनी जुनी कागदपत्रे मागवते, त्यात माझ्याच हस्ताक्षरातली तुमची प्रिस्क्रिप्शन असतात. अनेक पॉलिसी जुन्या आजारामुळे उद्भवलेले काहीच देत नाहीत, काही फक्त जिवावरचा धोका टळेपर्यंत देतात. नेमके काय, हे लेखी घ्या. निघण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गोळी बदलली असेल तर 'आजार स्थिर नव्हता' असेही म्हटले जाऊ शकते, म्हणून औषधे बदलायची असतील तर माझ्याकडे आदल्या दिवशी येऊ नका.

साथीच्या कलमाकडेही बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाजवळ अडकलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३७११ माणसे होती, त्यातली ७०० हून अधिक कोरोनाबाधित झाली. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी. त्या काळात अनेक पॉलिसींनी साथी वगळलेल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई-गोवा क्रूझवर ६६ जण बाधित निघाले, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात आला.

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या सहलीला परदेश प्रवासाची पॉलिसी चालत नाही, कारण तुम्ही देश सोडलेलाच नसतो. "घरचे मेडिक्लेम आहे ना!" आहे, पण त्यात रुग्णालयाची व्याख्या असते: नोंदणी, किंवा ठरावीक खाटा, ऑपरेशन थिएटर, चोवीस तास नर्स. जहाजावरचा दवाखाना त्यात बसणे कठीण. गोव्यात उतरून भरती झालात तर मेडिक्लेम चालेल. मधला खर्च मात्र तुमचा.

जहाजावरचे बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी भरावे लागते. परतावा नंतर. म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या, बिल तपशीलवार मागा, त्यावर निदान आणि डॉक्टरची सही घ्या. विमा कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण समुद्रात मोबाइलला रेंज नसते आणि त्यांना आधी न कळवता परस्पर ठरवलेली एअर ॲम्ब्युलन्स त्या नाकारू शकतात. हा नंबर तुमच्या सहचरालाही माहीत हवा. झटका आलेला माणूस फोन करत नाही.

त्याच पाकिटात तुमच्या अलीकडच्या ईसीजीची प्रत, औषधांची मूळ नावे आणि ॲलर्जी लिहिलेला एक कागद ठेवा. अपरिचित बंदरात मध्यरात्री तुम्हाला तपासणारा डॉक्टर पहिली दहा मिनिटे तेच शोधत असतो.