३० एप्रिल : थिओडोर शुल्ट्झ यांचा जन्म

कृषी अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांचा जन्म ३० एप्रिल १९०२ रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, आर्लिंग्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९३० मध्ये ते आयोवा स्टेट कॉलेजात रुजू झाले आणि पुढे तेथील अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

हा विभाग गाजला तो लोण्यावरून! महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, विभागाने एक पुस्तिका काढली. लेखक होते तरुण संशोधक ऑस्वाल्ड ब्राउनली. पोषण आणि चव यांत मार्गारीन, म्हणजे कृत्रिम लोणी, खऱ्या लोण्याच्या तोडीस तोड असून त्याच्या विक्रीवरील निर्बंध उठवावेत, असे त्यांनी लिहिले. दूध हा आयोवातील मोठा धंदा. दूध उत्पादकांच्या संघटना खवळल्या आणि कॉलेजने पुस्तिका मागे घेतली. याच्या निषेधार्थ शुल्ट्झ यांनी राजीनामा देऊन शिकागो विद्यापीठ गाठले. सुधारित आवृत्ती १९४४ मध्ये निघाली. मूळ निष्कर्ष मात्र बव्हंशी कायम राहिले.

१९६४ च्या आपल्या ग्रंथात शुल्ट्झ यांनी पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हिशेबाला पक्का असतो, असे मांडले. शेतीत माणसे फाजील असतात, ही समजूत तपासण्यासाठी त्यांनी भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझा साथीचे आकडे वापरले : माणसे दगावली, तसे पेरणीचे क्षेत्रही घटले; म्हणजे ती माणसे फाजील नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष. अमर्त्य सेन यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल शुल्ट्झ यांना आर्थर लुईस यांच्यासह विभागून मिळाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.