एसी लावल्यावर गाडीत पाणी साचतंय? आधी नळी तपासा

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलंच. ते ठिबकणं थांबून डाव्या सीटपुढची मॅट ओली होत असेल, कुबट वास येत असेल, तर पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी तुंबलेली असते. शेतरस्त्याचा चिखल, धूळ, पालापाचोळा, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर, एवढ्यानंही ती बंद होते.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन थंड होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. बहुतेक गाड्यांत नळीचं तोंड इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, डाव्या बाजूला खाली असतं. तोंडाचा चिखल बोटाने काढा, मग ग्रासकटरची नायलॉन दोरी दोन-तीन इंचच हळू फिरवा. तार नको, आतली कूलिंग कॉइल फुटली तर खर्च हजारोंत जातो. पंक्चरवाल्याची जोराची हवाही नको, नळी आतून निसटते.

घाण निघाली की साचलेलं पाणी भसकन येतं, तोंड बाजूला ठेवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं एसी लावून ठिबकतंय का बघा. मॅट, कारपेट उन्हात वाळवाच, खाली वायरिंग असतं.

पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. गाडी मेकॅनिककडे न्या.