तळटीप : ‘आत्मपरीक्षा’

‘आत्मपरीक्षा’ म्हणजे प्रभुभोजनाआधी मनाचा कानाकोपरा धुंडाळणे, हा रूढ अर्थ अपुरा वाटतो. करिंथकरांस पहिल्या पत्रातले (11:28) पौलाचे ग्रीक क्रियापद धातूचा कस पाहण्यासाठीही वापरले जाई, आणि इथे कसाला लागली आहे ती पंगत : कुणी आधीच खाऊनपिऊन तर्र, तर ज्यांच्या पदरी काही नाही ते उपाशी (11:21-22). मग हेतूंचे काय, असे कुणी विचारील. ते पौल विसरलेला नाही, पण आपले मन आपल्याला खात नसले तरी तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही, अंतःकरणातले बेत प्रभूच उजेडात आणील, असे तो आधीच सांगून चुकला आहे (4:4-5, प्रवचनांत ही ओळ सहसा घाईने उरकली जाते). म्हणूनच अकराव्या अध्यायाच्या शेवटी त्याची सूचना अगदी घरगुती आहे : एकमेकांसाठी थांबा, फारच भूक लागली तर घरी जेवून या.